दोन्ही बटनं निळी

पूर्णेला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात माझ्यापुढं त्रिवेणी नावाची मुलगी आणि तिची आई रांगेत होत्या. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता.

“आई, मोबाइलवर माझ्याकडून ‘रद्द करा’च दाबलं गेलं वाटतं.”

“वाचून दाबायचं न्हाई का?”

“दोन्ही बटनं निळी, एकमेकाला चिकटून. अक्षरं मुंगीएवढी.”

“मंग काय झालं?”

“काहीच न्हाई. पान कोरं झालं.”

“तुझ्या अप्पाला बोलू नको. ते रविवारी पाव्हणे बोलवायलेत तुला बघायला.”

त्यांचा नंबर आला. दुकानदारानं संगणकावर फॉर्म उघडला.

“फॉर्म हाय, ताई, रद्द न्हाई झाला. फक्त सादर व्हायचा राहिलाय.”

“मंग दाबा की, दादा.”

“थांबा. पोरी, हे कोणतं बटन हाय? तूच वाच.”

“सादर करा.”

“परत वाच.”

“सादर करा. दादा, दोनदा कामून वाचायला लावलं?”

“सकाळी एकीचा फॉर्म माझ्याच हातानं रद्द झाला. आता परत भरूच देईना.”

त्यानं बटन दाबलं. पडद्यावर क्रमांक आला.

“झाला सादर. लिहून घे.”

“दादा, त्या पोरीचं काय झालं?”

“ती काय, बाहेर पायरीवर बसलीय. घरी जायला भ्यायलीय.”