पाणी पिणारे मणी

माझो जल्म आचऱ्याचो. बापूस भात करी, आवस कोकमाची सोलां सुकवी, आणि मी मॅट्रिक होवन लांब गेलंय, ग्यासच्या कारखान्यात. ऐंशीनंतरची गोष्ट. काय सांगू तुमका, दर्याच्या बुडातून ग्यास येता तो पाणी घेवन येता आणि कुजक्या अंड्याच्या वासाचो विषारी वायू घेवन येता, त्या दोघांची गाठ पडली काय लोखंडाचो पायप खातत. म्हणान दोन उंच टाक्ये, त्यांत साबुदाण्यासारखे मणी, ते पाणी पितत. एकीचा पोट भरला काय ती गरम ग्यासान सुकवूची, तवसर दुसरी चालू. ह्या बदलूचा माझा काम, बसाक म्हणान मिळी नाय.

जुने मणी काढले तेव्हा मी म्हटलंय, आमच्याकडे पावसात मिठाचा पाणी होता, सोलांक बुरशी येता, तर हे घराक न्हेलेले बरे. फुकटचा आमी सोडतंव काय? सायेब सांगी, मणी पाण्यावांगडा तो विषारी वायूय पितत, त्यांच्या पोटातलो वायू पुरतो जाणा नाय, हात लावू नको. पण मी दोन किलो फडक्यात बांधून हाडलंय, कोठीत सोलांच्या बरणीकडे ठेवलंय.

आषाढात मी रजेर घराक असताना कोठीवरचा कौल सरकला, पोटळी भिजली. ते मणी भिजले काय तापतत आणि पोटातलो वायू सोडतत. बायको माझी, सुमन, सोलां काढूक गेली आणि धपकन पडली. वास सोप्यार इलो. आवस धावली, तर मी आवशीकच आडवी धरलंय, कारखान्यात पयला ताच शिकवलेला, काढूक धावता तोव मरता. आवशीन माझ्या थोबाडात मारल्यान, बायल मरता तुझी आणि माका धरतंस रे मेल्या? मी तिका भायर ढकललंय, मागचो दरवाजो उघडलंय, दांड्यान कौलां फोडलंय, वारो जावक दिलंय, मगे श्वास धरून आत. तेवढो वेळ काय माझ्या अंगातसून अजून गेलो नाय.

सुमन वाचली. पण तिका वास येवचो बंद झालो तो झालोच. एकदाय बोल लावल्यान नाय, ताच माका बसाक देणा नाय. पावसात पाणी आत इला तरी कोठीची खिडकी मी लावक देणंय नाय.

बाजारात मासळी तीच निवडता, कल्लो उघडून बघता, आणि माझ्या नाकाकडे धरता, बघा हो, बरी आसा? मी वास घेतंय, परत घेतंय, मगे सांगतंय, घे. देवाक आता एकच मागणा, माझा नाक तिच्यापुरता शाबूत ठेव.