होळीत गेलेली होडी

मंडळी, मला एक सांगा — एखाद्याचं नुकसान केलं, आणि कोर्टानं ठरवलेली भरपाई पैन् पै भरली, तर अपराध फिटला का हो? माना डोलवू नका! आधी ऐका!

खाडीकाठचं गाव. तिथला हरबा तांडेल माणसांना होडीतून पलीकडे न्यायचा. त्यावरच त्याची चूल! आणि दाजी मयेकर — तरणाताठा, अंगात मस्ती! शिमगा आला. होळीसाठी लाकडं पळवायची, हा तिथला जुना रिवाज. कुणाचं कुंपण जातं, कुणाचं बाकडं जातं. मालक दोन शिव्या घालतो नि विसरतो. हसू नका तबलजी, तुमच्या गावच्या गोष्टी कळल्यात मला! तर दाजीनं काय पळवावं? वाळूवर पालथी ठेवलेली हरबाची होडी! ढकलली होळीत! "शिमग्यात नेलेलं लाकूड, ती काय चोरी?" म्हणत वर नाचला!

हरबा राखेपाशी बसून राहिला. उठला तो फिर्याद करायलाच. मग कोर्ट. न्यायाधीश म्हणाले, "लाकूड नव्हे, माणसाचं पोट जाळलंस! नव्या होडीची किंमत भर, हप्त्यांनी. चुकलास तर तुरुंग!" वकिलानं बजावलं, "दाजी, पैसे हरबाच्या हातात द्यायचे नाहीत हं. कोर्टात भरायचे." आणि दाजी समजला, त्याला तोंडच दाखवायचं नाही!

झालं! बायकोच्या बांगड्या गेल्या, दारची गाय गेली, धाकट्या बहिणीचं लग्न लांबलं. दाजी पलीकडच्या चिऱ्याच्या खाणीत राबू लागला. हरबाची उधारीवर घेतलेली नवी होडी समोर होती की! पण हा चिखल तुडवत, खारफुटीतून, लांबच्या पुलावरून जायचा. आणि डोळा लागला की एकच स्वप्न — खाडी पांढरीशुभ्र, वारा नाही, आवाज नाही, आणि पेटलेली होडी आपली हळूहळू त्याच्याकडे येतेय... वल्ह्यावर कुणीच नाही!

वर्षं गेली. शेवटचा हप्ता भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी धक्क्यावर हजर. धुकं असं, की पाणी कुठलं नि आभाळ कुठलं, कळेना! त्यातून होडी आली. दाजीला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. पण वल्ह्यावर हरबा होता. किती म्हातारा झाला होता हो!

"हरबाकाका, सगळं फेडलं. आता होडीत घ्याल मला?"

"पैसे आले रे, वेळच्या वेळी. दर खेपेला वाटायचं, मागोमाग तू येशील. आला नाहीस."

"मला वाटलं, कोर्टानं..."

"कोर्टानं पैसे तिकडे भरायला सांगितले. तोंड कुणी शिवलं होतं तुझं?"

दाजी गुडघाभर पाण्यात उतरला, होडीची कड धरली. "काका, चुकलं माझं!" — आणि ओक्साबोक्शी रडला हो!

हरबा सरकला, शेजारी जागा केली. "बस. पलीकडे माणसं खोळंबलीत."

मंडळी, मी आता नामघोष सुरू करणार होतो. पण त्या खांबाशी एक भाऊ बसलाय, नि इकडे पेटीमागे दुसरा. बांधाचा निकाल कधीच लागला, भरपाईही दिली-घेतली. नावं घेत नाही मी! टाळ खाली ठेवा रे जरा. ऊठ बाबा, जा त्याच्याजवळ. तोवर विठ्ठलही थांबेल, आणि मीही थांबतो.