दामदुप्पट नको, म्हाराजा!

आणि समजा, ‘आई मरणार का’ असं पोरीने विचारलंच, तर काय सांगू हो मी? तुम्हाला सांगते, मुंबईहून ऑपरेशन करून बोटीने मालवणात उतरले, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही! मॅट्रिक झालेली ना मी? एवढं एक उत्तर नको यायला?

बरं, सुगंधा पाच वर्षांची, तिचं सोडा. मोठ्यांना तरी कुठे सांगता येतंय! शेजारच्या रुक्मिणीकाकी दारातूनच, ‘गाठ छातयेत, मगे काख कित्याक कापल्यानी गो? डॉक्टराचो हात घसारलो काय?’ मी सांगितलं, अगदी डॉक्टरांच्याच थाटात, नसलेला चष्मा वर सारून: ‘बाई, काखेत सगळ्यांनाच बारीक बारीक गाठी असतात, छातीतला रोग पुढे निघाला की बहुधा आधी तिथेच जातो, म्हणून त्याही काढायच्या आणि तपासायच्या!’ माझ्या तपासल्या, त्यांत रोग नव्हता... तर काकी म्हणतात, ‘नव्हतो? मगे फुकट काढल्यानी!’

घ्या! मॅट्रिक झालेली ना मी?

मग मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, देवाला गाऱ्हाणं घालायचं काढलं. अख्खी वाडी अंगणात, मामंजींच्या हातात नारळ, आणि माझं सगळं गुपित खड्या आवाजात... ‘हिच्या छातयेतली गाठ गेली, काखेतल्यो गाठी गेल्यो, रे म्हाराजा!’ की अख्खी वाडी, ‘व्हय म्हाराजा!’ पुरुषमंडळी माडांकडे बघतायत, मी पदरात तोंड लपवतेय, आणि मामंजी, जन्माची सवय हो, पुढचं ठरलेलं म्हणून मोकळे: ‘जां जां गेलां, तां तां दामदुप्पट करून परत दी रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हा...’

‘नको!’

मी! सासऱ्यांसमोर, देवासमोर, एवढ्या मोठ्यांदा! मामंजींच्या हातात नारळ तसाच. ‘काय नको गो?’ ‘परत नको, मामंजी... एकसुद्धा नको.’ आणि रडायलाच लागले की हो, चारचौघांत! मॅट्रिक झालेली...

मामंजी खाकरले. ‘म्हाराजा, माझां चुकलां. गेलां तां गेलां. सून तेवढी आमची आमका ठेव.’ ‘व्हय म्हाराजा!’ काकी सगळ्यांत मोठ्याने!

माणसं पांगली तशी सुगंधा मांडीवर येऊन बसली. ‘आई, काखेतल्यो गाठी कित्याक काढल्यानी?’ आलं! काकींना सांगितलं तेच सांगितलं, सावकाश, सोपं करून, आणि पुढच्या, त्या मरणाच्या प्रश्नाची वाट बघत बसले! पोरगी वाकली. माझा हात जरासा उचलून खाली बघितलं, आणि म्हणाली,

‘मगे आता थंय गुदगुल्यो होतत काय गो तुका?’