मिरचीच्या गिरणीवरचं विटांचं छत

मन्हं नाव युसूफ, पण शहाद्यात नुसतं युसूफ म्हणून विचाराल तर कोणी सांगणार नाही, भट्टीवाला मिस्त्री म्हणा, मग थेट घरी आणून सोडतील. आमचं घराणं पावाच्या भट्ट्या बांधणारं, आजा बांधायचा, अब्बा बांधायचे, नंदुरबार, नवापूर, तिकडे गुजरातेत सोनगड-व्यारापर्यंत. भट्टीचं छत विटांचं असतं, कासवाच्या पाठीसारखं वाकलेलं, आणि त्यात लोखंडाचा खिळासुद्धा नसतो, कारण लोखंड तापून फुगतं आणि भट्टी फाडतं. सोळाव्या वर्षी मी पहिली भट्टी बांधली. मग बेकऱ्यांत डिझेलची, विजेची यंत्रं आली, आमचं काम बसलं, आणि मी स्लॅबच्या कामाले लागलो. सळई, सिमेंट, सेंट्रिंग, तीस वर्षं दुसरं काही केलं नाही.

तर ब्राह्मणपुरीच्या मंगलाबाई. शेतकरी घरची बाई, आवाज असा की बांधावरून बोलली तर शिवारात ऐकू जावं. त्यांचा अकरा बायांचा बचत गट, त्यांना मिरची कांडायची गिरणी टाकायची होती. आमच्याकडे मिरची किती, तुम्हाले माहीत शे, पण तोडायची या बायांनी, खुडायची या बायांनी, आणि तिखट करून विकणार दुसराच. मंगलाबाई म्हणायच्या, मिस्त्री, हात आमना भाजतस आन् नाव दुसरानं, हाई किती दिन चाली? म्हणून खोली बांधायला काढली, दहा फूट रुंद, वीस फूट लांब. नकाशा वैशालीनं काढला, त्याच गावची मुलगी, इंजिनिअर झालेली, शहाद्यात बसते. ठरलं असं की आधी भिंती, स्लॅब शेवटी, आणि सळई स्लॅबच्या वेळेलेच घ्यायची, आधी आणून ठेवली तर गंजते, आणि गटाकडे पैसा थोडा थोडाच यायचा. सगळे असंच करतात, मी पण तीस वर्षं असंच केलं.

भिंती वर आल्या, मी सळईले शहाद्यात लोखंडवाल्या शेठच्या दुकानी गेलो, आणि शेठनं जो भाव सांगितला तो ऐकून मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत राहिलो. वर म्हणतात, हा भाव पण संध्याकाळपर्यंत, उद्याचं उद्या. मी म्हटलं, शेठ, तुम्ही पंधरा पंधरा दिवस भाव धरून ठेवायचे, आज काय झालं? ते म्हणाले, बाहेरच्या देशांतून जे पोलाद येतं त्याच्यावर सरकारनं कर चढवला. मी म्हटलं, पण आपली सळई तर जालन्याची शे, ती कुठं बोटीत बसून येते? शेठ हसले, म्हणाले, बाहेरचा माल महाग झाला तर इथला कारखानदार कशाले स्वस्त देईल, एक चढला की सगळे चढतात, आणि तिकडे अमेरिकेनं एखाद्या देशावर कर लावला की त्या देशाचा माल दुसऱ्याच्या दारी जातो, मग तो दुसरा आपलं दार लावून घेतो, असं चाललंय जगभर.

काय सांगू तुम्हाले, मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. कुठं समुद्रापार कोणी माणूस कागदावर सही करतो, त्याले ब्राह्मणपुरी ठाऊक नाही, मंगलाबाई ठाऊक नाही, आणि त्या सहीनं इथं आमच्या भिंतीवरचं छत थांबतं. राग नाही आला हो, खरं सांगतो, अंगावर काटा आला. इतकं मोठं जग आणि इतकं जवळ!

पत्रा टाकावा तर पत्रा भावात सळईच्याही पुढे गेलेला, आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात मिरची कांडणं म्हणजे माणूसच भाजून निघायचं. तिकडे यंत्र गुजरातेतून निघायच्या बेतात, मिरची शेतात लाल व्हायला लागलेली, हंगाम हातचा गेला की गट मोडणार, दोन बाया तर म्हणायलाही लागल्या की आमना हिस्सा परत द्या. सगळ्या त्या बिनछताच्या खोलीत बसल्या होत्या, वर उघडं आभाळ. मंगलाबाईंनी मलेच विचारलं, मिस्त्री, लोखंड नव्हतं तवय लोके उघडावर ऱ्हायेत का?

मी म्हटलं, नाही, भट्टीसारखी कमान करायचे. बोललो आणि मलेच वाटलं, हे काय बोलून गेलो, कारण भट्टीत भाकर-पाव असतो, इथं माणसं बसणार.

वैशाली हसेल असं वाटलं मले. ती हसली नाही. तिनं वही काढली आणि मले तासभर विचारत राहिली, वीट कशी ठेवता, विटा जोडायचा गारा, म्हणजे चिखल, कसा, बाजूच्या भिंतीवर किती रेटा येतो. चार दिवस हिशेब केला, आणि आली ती अटी घेऊनच. भिंतींना बाहेरून विटांचे जाड पुस्ते, म्हणजे टेकू, द्यायचे, एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत सहा सळया आवळायच्या म्हणजे भिंती फाकणार नाहीत, यंत्राचा पाया वेगळा, आणि छत झालं की वाळूच्या गोण्या ठेवून तपासायचं, त्याआधी कामाच्या माणसांशिवाय आत कोणी जायचं नाही. स्लॅबले जितकं लोखंड लागलं असतं त्याच्यापुढे सहा सळया म्हणजे काय!

लाकडाचा तीन फुटांचा साचा केला, एक कमान झाली की पुढे सरकवायचा. विटा तापीकाठच्या वीटभट्टीच्या, एकेक वाजवून घेतल्या. पहिल्या दिवशी दोन विटा लावल्या की एक परत काढत होतो, दुसऱ्या दिवशी हात आपोआप चालले, मी नुसता पाहत होतो, की हे मले कुठं येत होतं, इतकी वर्षं हे कुठं बसलं होतं? मधली शेवटची वीट ठोकून साचा सरकवला की वरच्या विटा खाली यायले निघतात आणि एकमेकींना अडवून धरतात. दर वेळी थांबून पाहिलं.

गोण्या रचल्या, दोन दिवस ठेवल्या, छत किती दबलं ते वैशालीनं दोरी लावून मोजलं, म्हणाली, चाचा, पास. गोण्या उतरवल्या. मी खाली एकटाच आत गेलो, कुठं भेग दिसते का पाहायले, तर वरून धप्प आवाज. मंगलाबाई शिडीनं चढल्या होत्या, लुगड्याचा कासोटा आवळून. वरून हाका मारू लागल्या, या व बहिनीहोन, आपला घरवर आपणच पहिले उभं ऱ्हावानं! एकेक करून अकराही चढल्या. मन्ह्या डोक्यावर अकरा बायांची पावलं, हसणं, कोणाची तरी जोडवी वाजतात, आणि वीट हलत नाही. मन्ही बायको जुबेदा डबा घेऊन आली होती, ती दारात थांबली, वर पाहिलं, म्हणाली, गिर गया तो? मी म्हटलं, तू बाहेर थांब. ती चप्पल काढून आत आली आणि मन्ह्या शेजारी उभी राहिली. मले रडू आलं, लपवलं नाही.

गिरणी चालू शे. हिस्सा मागणाऱ्या दोघीच आता वजन करायले बसतात, आणि तिखटाच्या पुडीवर गटाचं नाव शे. मले कमानीची कामं येतात, सगळी घेत नाही, रुंद खोली असली तर सरळ सांगतो, इथं स्लॅबच पाहिजे. पण आता पाया खणायच्या आधी मालकाबरोबर बसतो, छत कशाचं ते पहिलं ठरवतो, सळई लागणार असेल तर पैसा असतानाच घ्या म्हणतो. सध्या सारंगखेड्याले एका मास्तरांचं घर चाललंय, खड्डा खणलेला नाही आणि सळई अंगणात ताडपत्रीखाली, त्यांची आई त्याच्यावर बसून शेंगा सोलते. मास्तर रोज पेपर वाचून दाखवतात, आज या देशानं त्या देशावर किती कर लावला. मी ऐकतो, थापी बाजूला ठेवून ऐकतो. समजतं थोडंच. वर बसलेल्यांना अल्लाह चांगली बुद्धी देवो, आणि तुम्ही पण कधी घर काढाल तर तुमच्या भिंतीवर छत वेळेवर येवो, एवढंच मागतो.