पेवाच्या तोंडाशी

दाजी : ओढ की रे आता. किती वेळ हाका मारतोय.

धाकटा : ऐकतोय मी. बोलत राहा, दाजी. खाली उतरलेला माणूस बोलता राहिला पाहिजे, तुम्हीच शिकवलंत. आवाज आहे तोवर हवा आहे.

दाजी : टोपली भरली माझी. दोर कंबरेला तसाच आहे. कप्पी फिरव, वर घे.

धाकटा : वरचं टोक खांबाला बांधून टाकलंय. आता एकदाच खरं सांगा. माझ्या ताईचा हात कसा मोडला?

दाजी : न्हाणीत घसरली. तिनंच सांगितलं ना तुला?

धाकटा : तिनंच सांगितलं. मागं कान फुटला तेव्हा दार लागलं म्हणाली. त्याआधी दात पडला, तेव्हा जिन्याचं नाव. तुमच्या घरातल्या दाराजिन्यांना माझ्याच बहिणीचा एवढा राग का, ते तरी कळू द्या.

दाजी : अरे बाबा, भांड्याला भांडं लागतंच. संसार आहे. तुझं लग्न झालं की कळेल.

धाकटा : भांडं नाही वाजलं, दाजी. हाड वाजलं. शेजारीण म्हणाली, भिंतीपलीकडं ऐकू आलं.

दाजी : त्या शेजारणीला दुसरा उद्योग नाही. तू वर घे मला, मग बोलू समोरासमोर.

धाकटा : समोरासमोर तुम्ही बोलता कुठं? तुमचा हातच बोलतो.

दाजी : माज आला का रे? वरचं टोक हातात आलं म्हणून बाप झालास माझा? माझ्या हाताखाली दोर धरायला शिकलास तू. वर आलो ना, तर याच दोरानं फोडून काढीन.

धाकटा : म्हणूनच ओढत नाही. जरा दिवा खाली करा. पायाशी काय आहे?

दाजी : हाडं आहेत. सकाळपासून तीच तर उकरतोय. एक मोठी बाई, भिंतीला टेकून बसलेली. मांडीत लहानगं आहे. पितळेचं कडं आहे त्याच्या हातात.

धाकटा : आणि भिंत?

दाजी : गिलावा ओरबाडलाय. बोटांच्या रेघा आहेत. माझ्या हाताच्याही वर गेल्यात. कुणाच्या तरी खांद्यावर चढून ओरबाडलंय.

धाकटा : गळा चिंचोळा आणि पोट मोठं. दाणे साठवायचं पेव हे, यातून एकट्यानं वर येताच येत नाही. रोज वेशीपासून चालत येतो तेव्हा बघता ना हे उकरून काढलेलं जुनं गाव? घर न घर जळालेलं. उंबऱ्यात भाल्याचं पातं रुतून बसलेलं. मारेकरी कापत कापत आले असतील इथवर. उरल्या त्या बायका नि पोरं. त्यांच्यावर हत्यार घाण करायचाही कंटाळा आला असेल, म्हणून ढकलली या भोकात, जिवंत. वर शिळा, शिळेवर दगड. ते दगड आपण दोघांनी बाजूला केले. इथंच पडलेत, माझ्या पायाशी. परत रचायला कितीसा वेळ लागेल?

दाजी : असं बोलू नये रे. ऐक ना, दिवा मिचमिचतोय.

धाकटा : मग लवकर बोला.

दाजी : मारलं. बास? लोखंडी कांब घेऊन मारलं. डोक्यातच घालत होतो, तिनं हात मध्ये आणला.

धाकटा : काय केलं होतं तिनं?

दाजी : काही नाही. मी घरात शिरलो तेव्हा ती गुणगुणत होती. मला बघितलं आणि गप्प झाली. त्या गप्प होण्याचा राग आला.

धाकटा : एवढ्यावरून?

दाजी : एवढ्यावरूनच. दर वेळी एवढ्यावरूनच. ओढ ना रे. डोकं जड झालंय. गेला. दिवा गेला बघ.

धाकटा : बसा थोडं अंधारात. ती रोज बसते.

ताई : कोण बसतं रोज?

धाकटा : ताई? गळ्यात बांधलेला हात घेऊन टेकाडावर कशाला चढलीस? खाली तंबूत माती चाळत बसायचं सोडून.

ताई : टोपली का येत नाही ते बघून ये, म्हणाल्या उत्खननाच्या बाई. हे खाली आहेत ना? मग दोर खांबाला का?

धाकटा : कबूल केलं त्यांनी, स्वतःच्या तोंडानं. आता तुला कुणी बोट लावणार नाही. पेवात वाईट हवा होती, माणूस गेला, असं सांगू. आपल्या कामात होतं असं, कुणी विचारणार नाही. तू काही बघितलं नाहीस. जा खाली.

ताई : गाठ सोड.

धाकटा : तुझ्यासाठी करतोय मी. मला निजवताना तूच म्हणायचीस ना,
“पाठचा माझा भाऊ, माझ्या दाराची गं कडी,
निजते मी बिनघोर, वादळाची रात थोडी.”

ताई : कडी आतून घालतात, बाळा. तू बाहेरून घातलीस. या पेवाचं काय झालं, ठाऊक आहे तुला?

धाकटा : मारेकऱ्यांनी कोंडलं.

ताई : आम्हालाही तसंच वाटलं होतं. आज बाईंनी सगळं पुढ्यात मांडलं. मग म्हणाल्या, दुष्मन इतक्या मायेनं दगड रचत नाही. वरून माती लिंपलेली, मातीवर चुलीची राख पसरलेली, संशय येऊ नये म्हणून. परवाच्या टोपलीत पाण्याच्या मडक्याची खापरं आली होती. यांच्याच नवऱ्यांनी, भावांनी लपवलं यांना. जपायला म्हणून शिळा घातली आणि वेशीवर लढायला गेले. तिथं एकजात सगळ्यांच्या कवट्या फुटल्या. शिळा काढायला कुणी उरलंच नाही.

धाकटा : कुणीच नाही?

ताई : ह्यांना हाक मार.

धाकटा : दाजी. दाजी, बोला.

(खालून उत्तर येत नाही.)

ताई : सोड गाठ.

धाकटा : हा गेला तर सुटशील तू.

ताई : आणि तू? जन्मभर मला काय म्हणून हाक मारशील? सोड म्हणते ना. माझा एक हात धड आहे, तो लावते.

धाकटा : सुटत नाहीये, गाठ पक्की बसलीय.

ताई : सुरी कुठंय? दोराचे माझ्या कंबरेला दोन वेढे दे आधी, मग काप. हां. आता कप्पीवर ये. सावकाश ओढ, गळ्याशी डोकं आपटेल.

धाकटा : आला. खांदे आले. धर तू, काखेत हात घाल.

ताई : धरलं. ओढ.

धाकटा : ओठ निळे पडलेत गं. मेला का?

ताई : घरघर ऐकू येतेय. कुशीवर वळव. ओकू दे. पाठ चोळ, जोरात.

दाजी : पाणी.

धाकटा : घ्या. हळू.

दाजी : तू आलीस होय. घरी चल. आता नाही करणार. शपथ.

ताई : पडून राहा. डॉक्टरांना वर पाठवते. तिथून पोलिसांत जाणार आहे. हात दाखवीन, कान दाखवीन, कांबही देईन. घरी मी येणार नाही.

दाजी : अगं, पण…

ताई : बोलू नका. श्वास पुरवून वापरा.

धाकटा : माझ्याकडं चल, ताई. खोली लहान आहे, पण तुझीच आहे. मी बाहेर निजेन.

ताई : बाई म्हणाल्यात, त्यांच्या तंबूत एक खाट रिकामी आहे. तिथं जाते.

धाकटा : सख्खा भाऊ असताना परक्यांच्यात? तुला वाचवायलाच निघालो होतो ना मी?

ताई : मघाशी त्या पडक्या भिंतीआडून वर येत होते. तुझा आवाज कानावर आला. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. आणि मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मला वाटलं, हेच बोलतायत.