इंदुमतीबाईंची झुरळं

मंडळी, एक सांगा — घरातली उणीव झाकली म्हणजे ती जाते का हो? माना नंतर डोलवा, आधी ऐका!

डोंबिवलीत एक चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर इंदुमतीबाई गोडांबे. घर कसं लख्ख! पण बाई मोरीकडे वळल्या की जाळीतून मिशा बाहेर — ही बोटबोटभर झुरळं! हसताय काय? तुमच्याकडची काय उपाशी आहेत?

गौरी आठ दिवसांवर आलेल्या. बाई थोरली सून, तीस वर्षं गौरी त्यांच्याच घरी. पण गेल्या वर्षी पुरणाच्या पातेल्याशेजारी झुरळ निघालं, आणि धाकट्या जाऊबाई निर्मला फणकारल्या — "ताई, पुन्हा असं दिसलं ना, तर गौरी मी नाशिकला नेईन!" बाईंच्या काळजात चर्र झालं!

मग बाईंनी काय केलं? फवारा मारला — दार लावून, गुपचूप! शेजारी विचारतात, "वास कसला हो?" तर म्हणे, "डांबरगोळ्या ठेवल्यात!" अहो, झुरळंच ती! पाइपातून गेली वर फडतरेबाईंकडे. त्यांनीही मारला गुपचूप — आली परत खाली!

पाच दिवस उरले. बाईंना रडूच फुटलं. शेवटी पदर खोचला, वर गेल्या. "फडतरेबाई, माझ्या घरी झुरळं आहेत!"

फडतरेबाईंनी जिन्यात डोकावून पाहिलं. "आत या. माझ्याकडेही आहेत. कुणाला सांगू नका!"

"आता सगळ्यांना सांगायचं!" बाई म्हणाल्या.

झालं! सोळा घरं, एकच दुपार. कणीक, साखर, बोरिक पावडर — सगळ्या बायका जिन्यात बसून गोळ्या वळतायत! घरोघरी सिंकखाली गोळ्या, मोरीला बारीक जाळी. पळून जायला झुरळांना शेजारच उरला नाही!

गौरी आल्या. निर्मलाबाईंनी ओट्याखाली वाकून पाहिलं, मोरी पाहिली, डब्यांमागे पाहिलं. इंदुमतीबाई मागे मागेच! निर्मलाबाई जवळ आल्या नि हळूच म्हणाल्या, "ताई... काय केलंत हो? आमच्याकडे फार झालीत!"

बाईंना हसू आवरेना, डोळेही भरले. "बस गं, शिकवते," म्हणाल्या.

तर मंडळी, ज्याच्या घरी झुरळ नाही त्यानं हात वर करा! ...एकही नाही? वा! मग उद्या सकाळी शेजाऱ्याला खरं सांगा. देवाला सांगायची घाई नाही — त्याला कधीचं ठाऊक आहे!