कडीकोयंड्याचा कॅमेरा

मजबूत, वॉटरप्रूफ, हे शब्द माझ्यापुढे काढूच नका. माझ्या मित्राचा, सलीमचा, ॲक्शन कॅमेरा बघून मीच त्याला हसलो होतो. कॅमेऱ्याच्या बुडाला धातूचे दोन कान, ते डोक्याच्या पट्ट्याला स्क्रूने आवळायचे. म्हटलं, "अरे, कॅमेरा घेतलास की कडीकोयंडा?" माझा कसा, चुंबकावर टक्कन बसणारा! दुकानदाराने तर माझ्यादेखत तो फरशीवर आपटून दाखवला होता. ओरखडासुद्धा नाही!

परवा रविवारी पिंपळगावला सलीमच्या विहिरीत आम्ही दोघांनी डोक्याला कॅमेरे बांधून सूर मारला. वर आलो तर त्याचा कपाळावर तस्सा, आणि माझ्या कपाळावर नुसता पट्टा. चुंबकाशेजारची प्लास्टिकची क्लिप मोडली आणि कॅमेरा गेला तळाला. सलीम एवढंच म्हणाला, "लय भारी कंपनी हाय तुझी."

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर उभा. मोडकी क्लिप काउंटरवर आपटली.

"क्लिपला वॉरंटी नसते साहेब. फक्त कॅमेऱ्याला असते."

"मग कॅमेरा बदलून द्या!"

"आणा ना. काय बिघडलंय त्यात?"

"अहो, तो विहिरीच्या तळाशी पडलाय!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याच्या मालाला नावं ठेवली.

"मग घाबरताय कशाला? पाण्यात त्याला काही होत नाही."